फुंकायचं कमी, ओढायचं जास्त

माउथ ऑर्गन हातात आला की माणूस आधी फुंकतो. पिपाणी, बासरी, सनई, शंख, सगळ्यांनी मिळून लावलेली ती सवय आहे. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, शिकायचं तर ही सवय पहिल्या दिवसापासून मोडायला घ्यावी लागते. इथला सा आत ओढून लागतो, पंचम ओढून लागतो, कोमल निषाद ओढून लागतो आणि ज्या घसरत्या, कळवळणाऱ्या गंधारासाठी बहुतेक जण या वाद्याकडे वळतात तोही ओढूनच निघतो. पुढे जे काही अडतं, म्हणजे धाप, चक्कर, मुकं पडलेलं दोन नंबरचं भोक, वाकायला तयार नसलेला चार नंबरचा स्वर, त्याचं मूळ बहुधा या ओढण्यातच सापडतं.

पण पहिला घोटाळा त्याआधीच, खरेदीत होतो. दुकानात नुसता ‘माउथ ऑर्गन’ मागितला तर बऱ्याचदा चोवीस घरांचा ट्रेमोलो पुढ्यात येतो. त्यात भोकांच्या दोन ओळी असतात आणि प्रत्येक स्वराला दोन रीड (हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या), एक दुसरीपेक्षा किंचित चढी. त्यातूनच ती ओळखीची थरथर येते. जुनी गाणी त्यावर गोड वाजतात, ब्लूज वाजत नाही, कारण त्याच्या एका कप्प्यात एकच रीड असते. हे का महत्त्वाचं ते पुढे येईल. बाजूला बटण असलेला क्रोमॅटिकही सध्या नको. हवा तो एका ओळीचा, दहा भोकांचा, जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीचा डायटॉनिक, सी पट्टीचा, म्हणजे आपली पांढरी एक. वाजवणारे त्याला नुसतं ‘हार्प’ म्हणतात. ऑनलाइन घेताना नावातला ‘ब्लूज’ शब्द पाहून भुलू नका. ‘१० होल, डायटॉनिक’ एवढं लिहिलेलं आहे ना, ते पाहा.

खेळण्यातला, दोन-तीनशे रुपयांचा घेऊ नये हे माझं ठाम मत आहे. त्याच्या सांध्यांतून हवा गळते, दुप्पट ओढावं लागतं आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. होनरचा स्पेशल ट्वेंटी, ली ऑस्कर, सुझुकी किंवा सायडेल यांचे साधे डायटॉनिक, यांपैकी काहीही चालेल. दोन गोष्टी मात्र बघाव्यात. मधला कोम, म्हणजे कप्पे पाडलेला भाग, प्लॅस्टिकचा असावा आणि रीडच्या प्लेटा खिळ्यांनी नाही, स्क्रूनी बसवलेल्या असाव्यात. होनरचा मरीन बँड १८९६पासून बनतो आहे आणि ब्लूजमधल्या बहुतेक जुन्या नामवंतांनी तोच वाजवला. पण त्याचा साधा प्रकार लाकडी कोमाचा आणि खिळ्यांचा असतो. थुंकीनं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यानं लाकूड फुगतं, कोमाच्या कडा बाहेर येऊन ओठांना टोचतात. तो पुढे हौसेनं घ्यावा.

आता आतली रचना. प्रत्येक भोकामागे, म्हणजे घरामागे, एक कप्पा, त्यात दोन रीड. एक फुंकल्यावर वाजते, एक ओढल्यावर. दहा भोकं, वीस रीड. सी हार्पवर डावीकडून उजवीकडे स्वर असे आहेत:

फुंक: सी, ई, जी, सी, ई, जी, सी, ई, जी, सी
ओढ: डी, जी, बी, डी, एफ, ए, बी, डी, एफ, ए

ही मांडणी जर्मन लोकगीतांच्या सोयीची आहे. कुठेही फुंका, सी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे जुळते स्वर) वाजते. खालच्या चार घरांत ओढा, जी मेजर वाजते. होनर कंपनी १८५७ मध्ये ट्रॉसिंगेन या जर्मन गावात सुरू झाली आणि तिथून हे स्वस्त, खिशात मावणारं वाद्य अमेरिकेत पोचलं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी ते उलटं वापरलं. सी हार्पवर सीमध्ये न वाजवता त्यांनी जीला सा मानलं. यालाच ‘क्रॉस हार्प’ किंवा ‘सेकंड पोझिशन’ म्हणतात, आणि नव्वद टक्के शिकणाऱ्यांनी पहिलं वर्ष इथेच राहावं.

सरगमीत मांडलं तर हे आपल्याला लवकर कळतं. जी म्हणजे सा धरा. २ ओढ सा, ३ ओढ ग, ४ फुंक म, ४ ओढ प, ५ फुंक ध, ५ ओढ कोमल नी, ६ फुंक वरचा सा. सगळं शुद्ध, फक्त नी कोमल, म्हणजे खमाज थाट. गंमत अशी की या सप्तकात रिषभ नाही. तो थेट ६ ओढवर, तार सप्तकात भेटतो. रागातल्या खमाजच्या आरोहातही रे वर्ज्य आहे, पण तो निव्वळ योगायोग. इथे रे नाही कारण कारागिराला कॉर्ड हवी होती.

२ ओढ आणि ३ फुंक हा एकच स्वर आहे, दोन्ही जी. हे लक्षात ठेवा, लवकरच कामाला येईल.

हार्प धरायचा तो आकडे वर आणि १ नंबर डावीकडे. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत मागच्या कडेला पकड, म्हणजे पुढे ओठांना जागा राहते. उजवा हात मागून ओंजळीसारखा. ओठांच्या टोकावर टेकवून वाजवणं ही सार्वत्रिक चूक आहे. हार्प तोंडात आत जायला हवा, कव्हरांवर ओठांची आतली ओलसर बाजू टेकायला हवी, आणि मागची कड थोडी वर उचललेली. मक्याचं कणीस खाताना तोंड जितकं उघडतं साधारण तितकं. एक स्वर सुटा काढायचा म्हणून लोक ओठ आवळतात, शिट्टी मारताना आवळतात तसे. स्वर सुटा निघतो खरा, पण पातळ आणि चिरका, आणि पुढे बेंड होत नाहीत, म्हणजे स्वर खाली वाकवता येत नाहीत. आवळायचं नाही. जबडा सैल, ओठ पुढे, गाल सुस्त. बाजूच्या घराचा स्वर मिसळत असेल तर हार्प अजून आत घ्या. बाहेर काढावासा वाटतो, पण उपाय उलटा आहे. सुरुवात ४ फुंक, ४ ओढ यावर करा. सुटे स्वर स्वच्छ यायला रोज पंधरा-वीस मिनिटं दिली तर साधारण दोन-तीन आठवडे लागतात.

सुट्या स्वरांच्या आधी मात्र आठवडाभर फक्त श्वास करावा. १-२-३ या तीन घरांवर मिळून चार मात्रा ओढा, चार मात्रा फुंका. मेट्रोनोम ६०वर, म्हणजे मिनिटाला साठ ठोके. मग दोन-दोन मात्रा, मग एक-एक. श्वास पोटातून, खांदे हलता कामा नयेत. नंतर ‘हा-टा-हा-टा’ असे उच्चार आत-बाहेर करत गेलात की आगगाडी सुरू होते. हा पोरखेळ नाही. टेनेसीचा हार्पवादक डीफर्ड बेली १९२०च्या दशकात रेडिओवर आगगाडी वाजवूनच प्रसिद्ध झाला, आणि ग्रामीण शैलीच्या वादकांचा श्वास या झुकझुकीतच तयार व्हायचा. हळू सुरू करून वेग वाढवायचा, आवाज मात्र वाढू द्यायचा नाही.

याच काळात धाप लागते आणि लोक म्हणतात, श्वास पुरत नाही. खरं तर पुरत नाही असं नसतं, श्वास मावत नाही. सेकंड पोझिशनमध्ये ओढण्याचे स्वर जास्त असल्यामुळे छाती भरत जाते आणि बाहेर टाकायला जागाच मिळत नाही. उपाय दोन. फुंकीचा स्वर आला की गरजेपेक्षा थोडी जास्त हवा सोडून द्यायची. आणि स्वरांच्या मधल्या फटीत हार्प ओठांवरच ठेवून नाकानं उच्छ्वास टाकायचा. डोकं हलकं वाटलं, बोटांना मुंग्या आल्या तर खाली ठेवा आणि पाच मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या. जास्त खोल आणि भरभर श्वास घेतल्यानं होतं ते.

स्वर चालू असताना मात्र नाक बंद हवं. म्हणजे चिमटीत धरून नाही, टाळूच्या मागचा मऊ पडदा उचलून. तो उचलला आहे का हे कसं कळणार? वाजवता वाजवता नाक चिमटीत धरा. आवाज एकदम सुधारला तर समजा, हवा नाकातून गळत होती.

आता दोन नंबर. जवळपास प्रत्येक नवशिका म्हणतो, माझ्या हार्पचं दोन नंबरचं घर बिघडलंय. ओढलं की घुसमटतो, फसफसतो किंवा उतरलेला वाजतो. दुकानात परत जाण्याआधी एक चाचणी करा. ३ फुंक वाजवा, मग २ ओढ वाजवा. दोन्ही जी, सुमारे ३९२ हर्ट्झ. फोनमधलं ट्यूनर ॲप जवळ ठेवा (कारखान्यात हार्प थोडा चढाच लावतात, चार-पाच सेंट, म्हणजे अर्धस्वराचे शंभरावे भाग, वर दिसला तर घाबरू नका). २ ओढ ३ फुंकपेक्षा खाली येत असेल तर रीड ठीक आहे, तुम्ही नकळत बेंड करताय. जीभ मागे ताठ झालेली असते आणि ओढ जोराची असते. जांभई देताना घसा जसा उघडतो तसा उघडा, जीभ तळाशी पसरू द्या आणि गरम चहाची वाफ आत घ्यावी इतक्या हळू ओढा. स्वर सुरू झाला की मगच जोर वाढवा. दोन नंबर हळू ओढून सुरात टिकवता आला की वाद्याचं निम्मं आलं, असं मला वाटतं. हा तर आपला सा आहे. तोच डळमळला तर पुढचं सगळं वाया.

आणि मग बेंड, म्हणजे ओढता ओढता स्वर खाली वाकवणं. मींड येत नाही ही पेटीवरची जुनी तक्रार. पेटीत आणि हार्पमध्ये जात एकच, धातूची मोकळी रीड. मग इथे मींड का येते? पेटीत एक रीड आपल्या कप्प्यात एकटी बसते. हार्पमध्ये एका कप्प्यात दोन रीड शेजारी राहतात. एरवी ओढताना ओढ-रीडच वाजते. जिभेनं तोंडातली पोकळी बदलून तिचं गुंजन खाली आणलं की ओढ-रीडचा स्वर खाली खेचला जातो आणि फुंक-रीडही हलायला लागते. खोल बेंडमध्ये तर आवाजाचा मोठा भाग त्या फुंक-रीडचाच असतो. ट्रेमोलोत हे होत नाही ते याचमुळे.

यातून एक नियमही निघतो, पाठ करण्यासारखा. बेंड होतो तो घरातल्या चढ्या रीडचा, आणि तो जातो दुसऱ्या रीडच्या एक अर्धस्वर वरपर्यंत, त्याखाली नाही. चौथ्या घरात डी आणि सी आहेत, मध्ये फक्त एक स्वर, म्हणून ४ ओढला एकच थांबा. जी हा सा धरला तर पंचमावरून तीव्र मध्यम. पहिल्या घरात तेच, सप्तक खालचं. सहाव्यात रे वरून कोमल रे. दुसऱ्यात जी आणि ई, म्हणून दोन थांबे, सा वरून शुद्ध नी आणि कोमल नी. तिसऱ्यात बी आणि जी, तीन थांबे, ग वरून कोमल ग, रे, कोमल रे. हरवलेला रिषभ इथे लपलेला होता. पाचव्यात एफ आणि ई यांच्यामध्ये जागाच नाही, म्हणून फक्त किंचित झुकतो, आणि जोर लावाल तर रीड खराब कराल. सातपासून पुढे फुंकीचा स्वर ओढीपेक्षा चढा असतो, तिथे सगळं उलटतं आणि बेंड फुंकून होतात. ते वर्षभरानं.

सुरुवात ४ ओढवर करा. तीन नंबरवर नको, तो सगळ्यात अवघड. हार्प बाजूला ठेवून आधी कुजबुजत ‘की’ म्हणा, मग ‘कू’. दोन्हीत क आहे, पण जीभ टाळूला जिथे लागते ती जागा ‘की’ला पुढे आणि ‘कू’ला मागे आहे. ती मागे सरकण्याची हालचाल म्हणजेच बेंड. किंवा आत ओढून शिट्टी वाजवा, उंच स्वरावरून खाली या आणि जीभ काय करते ते बघा. आता ४ ओढ स्वच्छ धरा आणि ओठ न हलवता जीभ ‘ई’कडून ‘ऊ’कडे न्या. जिभेचा मागचा भाग टाळूच्या जवळ उचललेला, पण चिकटलेला नाही. सुमारे ५८७ हर्ट्झवरून ५५४च्या आसपास काटा सरकला की झालं. कुणाला दोन दिवसांत सापडतं, कुणाला दोन महिने लागतात. सापडलं की हरवतं, मग परत सापडतं. त्या मधल्या काळात फोन फेकून द्यावासा वाटतो.

काय चुकतंय हे आवाजावरून ओळखता येतं. आवाज जाड झाला पण सूर जागचा हलला नाही, तर जीभ पुरेशी मागे गेलेली नाही किंवा ओठांच्या कोपऱ्यातून हवा शिरते आहे. सूर एकदम बंद पडून नुसती फस्स् उरली, तर जीभ जास्त चिकटली किंवा झटका दिला. तीन किंवा पाच नंबर सोबत वाजत असेल तर बेंड येणारच नाही, आधी सुटा स्वर. सगळ्यात वाईट म्हणजे जोर. बेंड येत नाही म्हणून लोक प्राण एकवटून ओढतात. जोरानं रीड वाकत नाही, थकते. महिनोन् महिने असं केलं की धातूत सूक्ष्म तडा जातो, रीड कायमची उतरते आणि एके दिवशी मुकी होते. बहुतेक हार्प ४ किंवा ५च्या ओढीवर जातात ते उगाच नाही.

चार नंबरनंतर एक, मग सहा, मग दोन, शेवटी तीन. स्वर जितका खालचा तितकी तोंडातली पोकळी मोठी लागते, म्हणून १ ओढला जबडाही थोडा खाली सोडावा लागतो आणि ६ ओढला जीभ पुढेच राहते.

तीन नंबरचे थांबे सुरात लावायला आपल्याकडे एक साधन आहे, तानपुऱ्याचं ॲप. पांढरी पाच लावा, सा-प चालू ठेवा आणि ३ ओढवर कोमल गंधार धरून बसा. धरणं म्हणजे धरणं. गंधारावरून घसरत येणं सोपं आहे, थेट कोमल गंधारावर उतरणं अवघड. तिथे थेट उतरता आलं की मग तो थोडा वर, कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी सोडा. ब्लूजचा गंधार तिथे राहतो. पेटीवर त्याला पट्टीच नाही. दोनाचे थांबेही असेच, मंद्र कोमल नी आणि शुद्ध नी वेगवेगळे ऐकू यायला हवेत. ब्लूजची ठरलेली सरगम मग अशी बसते: २ ओढ, ३ ओढ अर्धा बेंड (पहिला थांबा), ४ फुंक, ४ ओढ बेंड, ४ ओढ, ५ ओढ, ६ फुंक. सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी, सा. सात स्वरांत फुंकी फक्त दोन.

बेंड येईपर्यंत गप्प बसायचं नसतं. बारा बारचं आवर्तन बेंडविना वाजतं. बारा विभाग, प्रत्येकी चार मात्रा, एकूण ४८. जी पट्टीत पहिले चार बार जीचे, मग दोन सीचे, दोन जीचे, मग एक डी, एक सी, एक जी, आणि शेवटचा डी, जो परत समेवर आणून सोडतो. प्रत्येक बारला त्या कॉर्डचा मूळ स्वर वाजवा: जीला २ ओढ, सीला ४ फुंक, डीला ४ ओढ. एवढंच दहा-दहा मिनिटं, यूट्यूबवरच्या जी पट्टीच्या संथ बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे नुसत्या साथीवर. आपण कुठल्या बारमध्ये आहोत हे न मोजता कळायला लागेपर्यंत. तालाच्या आवर्तनात वाढलेल्या कानाला हे इतरांपेक्षा लवकर जमतं.

त्याच कानाला दोन गोष्टी खुपतात. एक, शफल. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे, त्यातला पहिला आणि तिसरा वाजतो, मधला गिळतो. तिस्र जाती म्हटलं की तबलेवाल्याला लगेच कळतं. दोन, टाळी. भजनाची सवय असलेला हात पहिल्या मात्रेवर पडतो, ब्लूजचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे. वाजवण्याआधी आठवडाभर नुसतं ऐकत २ आणि ४ वर टाळ्या द्या. हे टाळलं तर स्वर सगळे बरोबर असूनही वाजवणं कवायतीसारखं वाटतं.

एक खटकणारी जागा आधीच सांगतो. सीच्या बारमध्ये ३ ओढ न वाकवता लांब धरला की कानाला बोचतो, कारण त्या कॉर्डला तिथे बी-फ्लॅट हवा असतो. अर्धा बेंड येईपर्यंत सीच्या बारांत तीन नंबरवर थांबूच नका. २ ओढ मात्र तिथेही चालतो, तो सीचा पंचमच आहे. डीच्या बारमध्ये तोच २ ओढ अधांतरी लटकतो.

दुसरं, सतत वाजवू नये. ब्लूजच्या गाण्यात चार बारांपैकी साधारण पहिले दोन गायकाचे, उरलेले दोन उत्तराचे. ओळ संपल्यावर पेटीवाला भरतो ना, तेच काम. सनी बॉय विल्यमसन हे नाव दोन हार्पवादकांनी लावलं. त्यातला दुसरा, राइस मिलर, ऐका. तीन-चार स्वर, मग शांतता, मग हातानं उघडझाक करून एखादा लांब स्वर. नवशिक्यानं त्याची नक्कल करावी, कारण बोटांची नाही, फक्त श्वासाची कसोटी आहे.

जिभेनं घरं झाकून वाजवणं, टंग ब्लॉकिंग, कधी सुरू करायचं यावर वाद आहेत. पद्धत अशी: तोंडात चार घरं, जीभ डावीकडच्या तिनांवर, स्वर उजव्या कोपऱ्यातून. जीभ उचलली की खालची कॉर्ड, टेकवली की एकटा स्वर, त्यातून शिकागो शैलीतला तो जाड फटकारा येतो. मधली दोन घरं झाकून १ आणि ४ एकत्र वाजवले की सप्तकाची जोडी मिळते. सुटा स्वर ओठांनी पक्का झाला की महिना-दोन महिन्यांत हे सुरू करावं असं मी म्हणेन. वर्षभर थांबलात तर ओठांची सवय सुटता सुटत नाही. बेंड मात्र आधी ओठांनीच शिका.

देखभाल. वाजवण्याआधी चूळ भरा. पोळीचा कण, बडीशेप, सुपारीचा तुकडा, यांतलं काहीही रीडखाली गेलं की ते घर मुकं. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर आपटा, ओल निघते. डबीत लगेच बंद करू नका, पंख्याखाली पंधरा मिनिटं राहू द्या. कोकणात नि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे विसरलात तर स्क्रू गंजतात. प्लॅस्टिक कोमाचा हार्प कोमट पाण्यात धुतला तरी चालतो, गरम पाण्यात नाही.

एखादी ओढ-रीड हळू ओढल्यावर गुदमरत असेल, आणि तुमची ओढ खरंच हळू असेल, तर खालचं कव्हर उघडा. ओढ-रीड तिथे बाहेरच्या बाजूला दिसतात. फुंक-रीड वरच्या प्लेटच्या आत, कोमाच्या बाजूला असतात. कागदाची पट्टी रीडखाली रिव्हेटकडून, म्हणजे रीड पक्की बसवलेल्या बाजूकडून, टोकाकडे सरकवून कचरा काढा, उलट दिशेनं कधीही नाही. मग टोकाची फट उजेडात पाहा. साधारण रीडच्या जाडीइतकी हवी. फट फार कमी असेल तर हळू ओढूनही रीड अडकते, फार जास्त असेल तर हवा खाते. टूथपिकनं अगदी किंचित दाबा किंवा उचला, सोडा, वाजवून बघा, परत. एकदम सरळ करायला गेलात तर नवीन हार्प घ्यावा लागेल.

नवीन घ्यावाच लागतो, पण दुसऱ्या पट्टीचा. गिटारवाले ई आणि एमध्ये रमतात. नियम सोपा आहे, गाण्याच्या सा पासून शुद्ध मध्यम मोजा, ती हार्पची पट्टी. ईला ए, एला डी, जीला सी. म्हणून दुसरा हार्प ए. हार्पवादक लिटल वॉल्टरचं १९५२चं ‘ज्यूक’ प्रत्येक जण कधी ना कधी वाजवायला बसतो. ते ईमध्ये आहे, ए हार्पवर वाजवलेलं. सी हार्प घेऊन त्याच्यासोबत बसलात तर काहीच जुळणार नाही. ए हार्प सीपेक्षा खालचा, त्यामुळे जीभ थोडी आणखी मागे न्यावी लागेल आणि बेंडच्या जागा नव्यानं शोधाव्या लागतील. सा मात्र तिथेच असेल, २ ओढवर.